टाइमशीटमधले आठ तास

बाबा पिंपरीतल्या कारखान्यात होते. पहिली पाळी साडेतीनला सुटायची. भोंगा झाला की हात धुवायचे, कार्ड पंच करायचं आणि घर गाठायचं. मी २०१२ साली हिंजवडीत आयटी कंपनीत कामाला लागलो तेव्हा आईने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुमचा भोंगा किती वाजता होतो रे?"

आमचा भोंगा म्हणजे मॅनेजरची खुर्ची. तो उठेपर्यंत कुणी उठायचं नाही. काम उरकलेलं असलं तरी सगळे साडेआठपर्यंत एक्सेल उघडून बसलेले. रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअर ग्राहकाला द्यायची वेळ, जवळ आली की खरोखरच अकरा-अकरा तास काम चालायचं. पण शुक्रवारी टाइमशीट, म्हणजे कामाच्या तासांचा तक्ता, भरताना दिवसाचे आठच. "क्लायंटला बिलिंग तेवढ्याच तासांचं आहे, जास्त टाकलेस तर प्रश्न येतील," असं शेजारच्या सीनिअरने समजावलं. पुढे मीही दोन पोरांना हेच शिकवलं, हे सांगताना आता लाज वाटते.

नव्याने लागणारे विचारतात, "तुमच्या कंपनीचं कल्चर कसं आहे?" अख्ख्या कंपनीचं असं एक नसतंच. त्याच इमारतीत मी वरच्या मजल्यावर गेलो. तिथली मॅनेजर सहा वाजले की मोठ्याने सांगायची, "निघते, मुलीला पाळणाघरातून घ्यायचंय." आठवडाभरात आमची टीम साडेसहाच्या बसला दिसू लागली. वाकडच्या पुलावर अडकायची ती अडकायचीच म्हणा.

तेव्हा इंटरव्ह्यूमध्ये कल्चर विचारू नका. विचारा, "टीममधलं कुणी शेवटची आठवडाभराची रजा कधी घेतली? तेव्हा त्याचं काम कुणी बघितलं?" समोरचा चाचपडला की समजून जा. सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, मोठा दिसेल. त्यात व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग, किती ते बघा. ग्रॅच्युइटीही त्यातच मोजतात, पण कायम नोकरीत ती सहसा सलग पाच वर्षं काढल्याशिवाय मिळत नाही. नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल, तर पुढची कंपनी तेवढं थांबेल का, याचाही विचार आत्ताच करा.

अप्रेझलचं, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचं, मात्र कुणी आधी सांगत नाही. एका वर्षी मला खालचं रेटिंग मिळालं. "काम उत्तम आहे रे, पण बेल कर्व्हमध्ये कुणालातरी खाली बसवावं लागतं." बेल कर्व्ह म्हणजे काम कसंही असो, ठरावीक जणांना खालचं रेटिंग द्यायचंच. मी वर्षाच्या मध्यावर प्रोजेक्ट बदलला होता, रेटिंग ठरलं त्या खोलीत माझ्या बाजूने भांडायला कुणी नव्हतं. एवढंच कारण. त्या रात्री जेवलो नाही.

आमची पिढी मधली. नवीन मुलं सरळ लिहितात, "सातनंतर कॉल नको." आधी राग यायचा. नीट बघितलं तर तो हेवा होता.

मागच्या शुक्रवारी टीममधल्या नव्या मुलीने गुरुवारचे साडेदहा तास भरून टाइमशीट पाठवली. मी अप्रूव्ह केली. सोमवारी वरून मेल आलाच: हे जास्तीचे अडीच तास कशाचे? उत्तर लिहून पाठवलं तेव्हा सव्वासात झाले होते. ती केव्हाच घरी गेली होती.