थंडीच्या रात्री जमीन कोरडी ठेवू नका : केळी, पपई आणि नव्या आंबा कलमांसाठी सल्ला

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रात आली की कृष्णाकाठच्या बागायतदाराला त्याची गंमत वाटते. परंतु त्याच रात्री कराड, वाळवा, पलूस भागातील ओढ्याकाठच्या सखल रानांत थंड हवा उतरून साचत असते. तापमान 12 अंशांच्या खाली गेले की केळीची वाढ जवळजवळ थांबते, निसवणीला आलेला, म्हणजे बाहेर पडू लागलेला घड बुंध्यात अडकतो आणि पपईची फुले गळतात.

थंडीने बसलेल्या ज्या बागा मी पाहिल्या, त्यांतील बहुतेकांची जमीन कोरडी होती. 'थंडीत पाणी कमी लागते' या समजुतीने पाळी लांबवली जाते, आणि रात्रीच्या विजेला कंटाळून ती आणखी लांबते. ओली माती दिवसाची ऊब साठवून रात्री हळूहळू सोडते. कोरड्या, भुसभुशीत मातीला ते जमत नाही. एका पपईच्या बागेत संध्याकाळी वीज गेल्यामुळे निम्म्याच सऱ्या भिजल्या होत्या. सकाळी कोरड्या सऱ्यांवरच्या झाडांची शेंड्याकडील पाने उकडलेल्या भाजीसारखी काळपट होऊन लोंबत होती, आणि चार पावलांवरची ओलीतली झाडे ताठ उभी होती.

म्हणून थंडीची लाट येण्याच्या आदल्या दिवसापासून हलके पाणी द्यावे. ते शक्यतो विहिरीचे किंवा बोअरचे असावे, कारण शेततळ्यातील पाणी रात्री गार पडते. पपईच्या बुंध्याशी मात्र पाणी तुंबू देऊ नये, अन्यथा थंडीतून वाचलेले झाड बुंधा सडून जाईल. दुपारचा वारा संध्याकाळी एकदम पडला आणि आकाश निरभ्र असले, तर ती रात्र वाईट जाते, असा माझा अनुभवाचा अंदाज आहे. हवामान खात्याचा अंदाज पाहावाच, पण अशा संध्याकाळी त्याची वाट न पाहता मोटर चालू करावी.

इतर कामे :
- केळीला प्रति झाड 250 ग्रॅम निंबोळी पेंड.
- घडांना पिशव्या.
- वाऱ्याच्या बाजूला शेवरीचे किंवा हिरव्या जाळीचे कुंपण.
- पहिल्या वर्षाच्या कलमांवर कडब्याची खोपी, पूर्वेची बाजू उघडी.
- खोडाला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 10 लिटर पाण्याची बोर्डो पेस्ट.
- युरिया बंद. कोवळी पालवी सर्वांत आधी करपते.

या दिवसांत दुकानदार 'थंडीची बाटली' हातात देतात आणि उधारीवरही देतात. कोरड्या रानात अशी बाटली फवारून झाड वाचल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही. तेवढ्या पैशांत ठिबकच्या तुंबलेल्या तोट्या बदलून होतात. पालाशाची (पोटॅशची) उणीव असेल तर 0:0:50 हे फक्त पालाश देणारे साधे विद्राव्य खत लिटरला 5 ग्रॅम प्रमाणे फवारणे पुरेसे आहे.

करपलेल्या आंब्याच्या फांद्या लगेच छाटू नयेत. फेब्रुवारीअखेर नखाने साल खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर फांदी ठेवावी, आणि तोवर बुंध्याजवळच्या मातीतील ओल मोडू देऊ नये.