रोपवाटिकेतल्या झाडाचा कार्बन फूटप्रिंट कसा काढायचा

कार्बन फूटप्रिंट म्हणजे रोप वाढवताना हवेत गेलेल्या तापवणाऱ्या वायूंची कार्बन डायऑक्साइडच्या किलोत केलेली बेरीज. आधी हद्द ठरवा: बी पेरल्यापासून रोप फाटकाबाहेर पडेपर्यंत. एकाच जातीची, एकाच आकाराच्या पिशवीतली तुकडी घ्या आणि ती विकली जाईपर्यंतच्या नोंदी ठेवा. दोन-तीन वर्षं वाढवायच्या झाडांचा एकाच वर्षाचा खर्च धरला, तर आकडा फसवा येतो.

डिझेल लिटरमध्ये मोजा. एक लिटर जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जमिनीत वाढवून मुळांच्या गड्ड्यासकट काढायच्या झाडांत ट्रॅक्टर आणि खोदाई यंत्राचं डिझेलच मोठा वाटा खातं. पंप, शेडनेट, हरितगृहासाठी शक्य तिथे वेगळा वीजमीटर बसवा; युनिटला तिथल्या वीजपुरवठ्याच्या गुणकाने (एका युनिटमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड) गुणा. पिशव्या आणि ट्रे नगावर मोजू नका, वजन करा.

खताकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. दिलेल्या नत्राचा साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात उडतो असं प्रमाण गणनेत धरतात. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा आहे, म्हणून एक किलो नत्रामागे सुमारे ४.३ किलो कार्बन डायऑक्साइड मांडा. युरिया असेल तर युरियाच्या किलोमागे आणखी ०.७३ किलो. खत बनवतानाचं उत्सर्जन याहून वेगळं, तेही जोडा. पिशवीत भरायच्या माध्यमात पीट (दलदलीतून काढलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) असेल, तर हजारो वर्षं दलदलीत साठलेला कार्बन मोकळा होतो; तो वगळू नका.

आता भागाकार. समजा बेरीज २,८०० किलो आली. भरलेल्या १०,००० पिशव्यांनी भागलं तर रोपामागे ०.२८ किलो, पण विक्री ८,००० रोपांचीच झाली असेल, तर खरा आकडा ०.३५ किलो. मेलेल्या रोपांनीही पाणी, खत, प्लॅस्टिक खाल्लेलंच असतं. म्हणून मर कमी करणं हाच आमच्या मते पहिला उपाय.

रोपात साठलेला कार्बन यातून वजा करू नका. तो वेगळ्या रकान्यात लिहा: मुळांसकट वाळवलेलं वजन गुणिले ०.४७ (त्यातला कार्बनचा वाटा) गुणिले ३.६७ (कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर). वाळवताना वजन उतरायचं थांबेपर्यंत थांबा, नाहीतर पाण्याचंच वजन कार्बन म्हणून मोजलं जातं.

पीट काढून ताजा लाकूडभुसा घातला की रोपं बऱ्याचदा पिवळी पडतात, कारण भुसा कुजवणारे जिवाणू नत्र ओढून घेतात. मग घाबरून नत्राचा मारा होतो आणि वाचवलेलं उत्सर्जन परत येतं. भुसा आधी कुजवून घ्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरलं तर ते धुवून, क्षारता तपासूनच भरा. सावकाश सुटणारं खत माध्यमात मिसळा. पिशवीच्या तळातून पाणी वाहत असेल तर नत्रही वाहतोय. कुंड्या निर्जंतुक करून पुन्हा वापरायच्या तर सावलीत रचा, उन्हात प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकतं.