बोलून डेटाबेस चालवताना या चुका टाळा

वर्डमध्ये चुकीचा शब्द उमटला तर तो लगेच डोळ्यांना खटकतो. डेटाबेसच्या फॉर्ममध्ये तोच शब्द गुपचूप रेकॉर्डमध्ये जाऊन बसतो आणि पुढे कधीतरी रिपोर्टची बेरीज जुळेना की सापडतो. म्हणून गडबड झाली की आधी फॉर्म तपासा, माइक नंतर. इथली उदाहरणं विंडोज ११ मधलं व्हॉइस ॲक्सेस (आवाजाने संगणक चालवण्याची सोय) आणि मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला फॉर्म या जोडीची आहेत; पुढे नुसतं 'ॲक्सेस' म्हणजे हे डेटाबेस सॉफ्टवेअर.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे माइक चालू ठेवून रकान्यात थांबणं. 'प्रेस टॅब' म्हणून तुम्ही 'गाव' या रकान्यात शिरता. तिथे आधीच 'नाशिक' आहे आणि ॲक्सेसने ते अख्खं निवडून ठेवलंय. तेवढ्यात शेजारचा विचारतो, "चहा घेणार का?" त्यातून सॉफ्टवेअरला जो काही इंग्रजी शब्द ऐकू येईल तो 'नाशिक'च्या जागी बसतो. तुम्ही स्क्रीनकडे न बघता पुढच्या रेकॉर्डवर गेलात की बदल सेव्ह! ॲक्सेस त्यासाठी परवानगी विचारत नाही.

यावर उपाय असा. फाइल, ऑप्शन्स, क्लायंट सेटिंग्ज या वाटेने जा आणि 'बिहेवियर एन्टरिंग फील्ड'मध्ये 'गो टू एंड ऑफ फील्ड' निवडा. हे सेटिंग त्या संगणकापुरतंच असतं, त्यामुळे प्रत्येक मशीनवर वेगळं करावं लागतं. नुसतं रेकॉर्ड शोधत फिरायचं असेल तर आधी 'कमांड्स मोड' म्हणा, म्हणजे बोललेलं रकान्यात टाइप होणार नाही. कुणी बोलायला आलं तर 'व्हॉइस ॲक्सेस स्लीप'. तरीही घोळ झालाच तर 'प्रेस एस्केप': एकदा म्हटलं की रकाना पूर्ववत, दुसऱ्यांदा म्हटलं की अख्खं रेकॉर्ड. पण हे रेकॉर्ड सोडण्याआधीच करायचं.

याचीच सख्खी बहीण म्हणजे शेवटच्या रकान्यावरचा टॅब. फॉर्मची 'सायकल' प्रॉपर्टी मुळात 'ऑल रेकॉर्ड्स' असते, म्हणून शेवटच्या रकान्यात एक 'प्रेस टॅब' जास्त झाला की तुम्ही थेट पुढच्या रेकॉर्डवर. पडदा तसाच दिसतो, माणूस मात्र बदललेला असतो. तिथे 'करंट रेकॉर्ड' ठेवा. सेव्ह करायचं तेव्हा 'प्रेस शिफ्ट एंटर' म्हणा, रेकॉर्ड न सोडता सेव्ह होतं. रोजच्या नोंदीच्या फॉर्मवर 'अलाउ डिलीशन्स' सरळ 'नो' करून टाका. आवाजाने चालणाऱ्या फॉर्मवर डिलीट उघडं ठेवणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

शेवटी पूर्णविराम चिकटतो, ही तक्रार नेहमीची. आपोआप विरामचिन्हं देण्याची सोय चालू असली की तुम्ही क्षणभर थांबताच सॉफ्टवेअरला वाक्य संपल्यासारखं वाटतं आणि 'पुणे'चं 'पुणे.' होतं. मग 'पुणे' शोधलं की ही रेकॉर्ड्स गायब. डेटा भरताना ती सोय बंद ठेवा. आधीच भरलेल्या नोंदी तपासायला क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) निकषात लाइक "*." लिहा (लाइक अर्थातच इंग्रजीत), शेवटी टिंब असलेल्या सगळ्या नोंदी समोर येतील. गाव, तालुका, खातं यांसाठी मोकळा रकाना ठेवूच नका. कॉम्बो बॉक्स (यादीतून निवडायचा रकाना) द्या आणि 'लिमिट टू लिस्ट' 'येस' करा, म्हणजे यादीबाहेरचं काही बसणार नाही.

आकड्यांत फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी यांची गल्लत ठरलेली. 'वन फाइव्ह' असा एकेक अंक बोला. लाख हा शब्द टाळा, कारण तो अक्षरांत उमटला तर अंकाचा रकाना तो नाकारतो. मोबाइल नंबर आणि पिनकोड टेक्स्ट रकान्यातच हवेत. आजची तारीख बोलायचीच कशाला? 'प्रेस कंट्रोल सेमिकोलन' पुरतं. मात्र शोधताना ३ एप्रिलऐवजी ४ मार्चच्या नोंदी आल्या तर आवाजाला दोष देऊ नका. कोडमधल्या एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत) # चिन्हांत ०३/०४ अशी लिहिलेली तारीख ॲक्सेस अमेरिकन पद्धतीने, महिना आधी धरून वाचतं. १३/०४ मात्र बरोबर वाचतं, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून ही चूक निम्मा महिना लपून राहते. तिथे वर्ष-महिना-दिवस असाच क्रम द्या.

मराठीचे घोळ वेगळे. व्हॉइस ॲक्सेसला मराठी आज्ञा कळत नाहीत, त्यामुळे 'जतन करा' हे बटण नावाने दाबता येत नाही. कॅप्शनच्या (बटणावरच्या मजकुराच्या) शेवटी & आणि लगेच इंग्रजी एस लिहा, मग 'प्रेस ऑल्ट एस' चालतं. मराठी मजकूर विंडोज आणि एच या कळा एकत्र दाबून सुरू होणाऱ्या व्हॉइस टायपिंगने घालणार असाल तर आधी व्हॉइस ॲक्सेस झोपवा, नाहीतर एकच वाक्य दोघेही ऐकतात. डेटा एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या मोठ्या डेटाबेसवर असेल आणि मराठीऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर रकाना एनव्हार्चर (युनिकोड मजकुराचा प्रकार) आहे का ते बघा आणि क्वेरीतल्या मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी इंग्रजी कॅपिटल एन लावा. आणखी एक छुपा चोर: 'ॲ' एकाच अक्षरचिन्हाचा असू शकतो किंवा 'अ'वर चंद्र देऊन केलेला. दिसायला सारखे, पण डेटाबेसच्या लेखी दोन वेगळी अक्षरं, त्यामुळे 'ॲड.' शोधल्यावर निम्मेच वकील सापडतात. अपडेट क्वेरीत रिप्लेस फंक्शन वापरून सगळीकडे एकच रूप करून घ्या. जुना डेटा युनिकोडपूर्व फॉन्टमधला असेल तर बोलून केलेला शोध त्याला लागूच पडणार नाही; आधी रूपांतर करून घ्या.

'शो नंबर्स' (दाबता येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर आकडा दाखवणारी आज्ञा) म्हटल्यावर फॉर्मवर आकडेच उमटत नसतील तर बहुधा तो रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दुसऱ्याच संगणकावर चालू आहे आणि तुम्हाला त्याचा फक्त पडदा दिसतोय. तुमच्या संगणकाला ते फक्त एक चित्र दिसतं. तिथे बटणांची नावं सोडा, 'प्रेस' वापरून कळांवर काम करा, किंवा माउससाठी 'शो ग्रिड' (पडद्यावर आकड्यांची जाळी) म्हणा.