भाडेकरू नोटीस न देता घर सोडून गेला? घरमालकांनी या चुका टाळाव्यात

महिन्याच्या बोलीवर दिलेले घर भाडेकरूने अचानक रिकामे केले, की बहुतेक घरमालक सर्वप्रथम डिपॉझिट अडवून ठेवतात, आणि बऱ्याचशा तंट्यांची सुरुवात तेथूनच होते. डिपॉझिट ही भाडेकरूचीच रक्कम असून घरमालकाकडे ती केवळ अनामत असते. त्यातून प्रत्यक्ष झालेले नुकसान वळते करून घेण्याचा हक्क मालकाला निश्चितच आहे, परंतु ते नुकसान हिशेबाने दाखवता आले पाहिजे.

नोटीस किती दिवसांची, हे आधी करारनाम्यात पाहावे. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात बहुधा एक महिन्याची अट असते. भाडे महिन्याचे असून करारात काहीच ठरलेले नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 106 नुसार दोन्ही पक्षांना 15 दिवसांची नोटीस पुरते आणि ती मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. ‘महिना सुरू झाला, म्हणजे पूर्ण महिन्याचे भाडे द्यावेच लागेल’ हा समज म्हणूनच प्रत्येक वेळी टिकत नाही.

करार नोंदणीकृत नसणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. तशी नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘नोटिशीची अट तोंडी ठरली होती’ असे म्हणणाऱ्या मालकाची बाजू त्यामुळे आरंभीच लंगडी पडते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूदही आहे.

दुसरी चूक हिशेबातली. करारात ‘मुदतीपूर्वी घर सोडल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त’ असे लिहिलेले असले, तरी भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 नुसार वाजवी भरपाईच मिळू शकते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा ठरते. नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी मालकाने काय प्रयत्न केले, हेही विचारात घेतले जाते. समजा, भाडे 18,000 आणि डिपॉझिट 50,000 रुपये आहे. 30 दिवसांची नोटीस आवश्यक असताना भाडेकरूने 1 जूनला कळवले आणि 10 जूनला घर सोडले. नवा भाडेकरू 23 जूनपासून आला. येथे घर 12 दिवस रिकामे राहिले, म्हणून दररोज 600 रुपयांप्रमाणे 7,200 रुपये आणि थकलेले वीजबिल, उदाहरणार्थ 1,450 रुपये, वळते करून उरलेले 41,350 रुपये परत करणे योग्य ठरेल. 23 तारखेनंतर नव्या भाडेकरूकडून भाडे घेत असतानाच त्याच दिवसांचे भाडे जुन्याकडूनही मागणे समर्थनीय नाही.

रंग उडणे, भिंतीवर खिळ्यांची भोके पडणे किंवा नळाचा वॉशर झिजणे ही वापरातली झीज आहे; फुटलेले बेसिन किंवा उखडलेला दरवाजा हे नुकसान. हा फरक पुढे सांगता यावा यासाठी घर देतानाच प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो घ्यावेत आणि पंखे, गिझर, चाव्या यांची यादी करून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. ही अर्ध्या तासाची तसदी बहुतेक मालक टाळतात, याचे मनापासून वाईट वाटते.

ताब्याच्या बाबतीतही घाई नको. चावी वॉचमनकडे ठेवून भाडेकरू निघून गेला, तर ताबा मिळाला असे गृहीत धरू नये. त्याच्याकडून ‘अमुक तारखेला घर रिकामे करून ताबा दिला’ असे लेखी घ्यावे, निदान व्हॉट्सॲपवर तरी, आणि त्याच दिवशी वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो काढावा. चावी परत न देताच तो गेला असेल व सामान आत असेल, तर कुलूप तोडणे किंवा सामान विकून थकबाकी वसूल करणे कटाक्षाने टाळावे. सामान नेण्यासाठी वाजवी मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, करारातील कायमच्या पत्त्यावर पाठवावी, आणि उत्तर न आल्यास वकिलांच्या सल्ल्यानेच पुढचे पाऊल उचलावे.