गाडीच्या दारात पाणी खळखळतंय? तळाची भोकं मोकळी करा

दार उघडताना आतून खळखळ ऐकू आली की बरेच जण आधी काचेचं रबर बदलायला निघतात. रबर नवंकोरं असलं तरी थोडं पाणी दारात उतरतंच, कारण दाराची रचनाच तशी आहे. काचेवरून ओघळलेलं पाणी पत्र्याच्या पोकळीतून तळाशी जातं आणि तिथल्या भोकांतून बाहेर पडतं. भोकं बुजली की ते आतच साचतं. मग दाराच्या खालच्या शिवणीला गंज धरतो, पाणी चढलं तर स्पीकर आणि काचेची मोटर भिजते, दाराच्या आतल्या पॅडमागचा (हँडल असतं त्या पॅनेलमागचा) प्लॅस्टिकचा पडदा कुठे सुटलेला असेल तर कार्पेटही ओलं होतं.

भोकं शोधायला दार पूर्ण उघडा, खाली बसा आणि टॉर्च मारून दाराची खालची कड पाहा. खाली वाकता येत नसेल तर छोटा आरसा धरा. साधारण दोन ते चार भोकं असतात, बहुतेक लांबट चिरेसारखी, दोन पत्रे जिथे दुमडून जोडलेले असतात तिथे. काही गाड्यांत ती रबराच्या पट्टीआड दडतात. ती पट्टी बोटाने हलकेच बाजूला करा. गोल रबरी बूच दिसली तर ती उपटू नका. ती भोकं मुद्दाम बंद केलेली असतात.

सफाईला केबल टाय (वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी) सगळ्यात बरी: लवचीक असते आणि रंग खरवडत नाही. स्क्रूड्रायव्हर किंवा तार नको. भोकाच्या कडेचा रंग एकदा उडाला की गंजाची सुरुवात तिथूनच होते. टाय दोन-तीन सेंटिमीटर आत सरकवून हळूहळू फिरवा, खालीवर ओढा. पाणी साचलेलं असेल तर गढूळ धार एकदम अंगावर येते, म्हणून तोंड बाजूला ठेवा आणि खाली तसराळं धरा. चिखल वाळून घट्ट झाला असेल तर कोमट पाणी सोडून दहा मिनिटं भिजू द्या. कॉम्प्रेसरची हवा टाळा. जोराच्या झोताने कचरा आणखी आत जातो, आतला पडदा सुटू शकतो, शिवाय काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा प्रेशर सेन्सर, म्हणजे धडकेने दारातल्या हवेचा दाब बदलला की ते ओळखणारा भाग, दारातच असतो.

आता चाचणी. काच पूर्ण वर करा आणि बाहेरच्या बाजूने, काच आणि रबराच्या सांध्यावर, एक लिटर पाणी सावकाश ओता. काही क्षणांतच भोकांतून पाणी गळायला लागलं पाहिजे. एकाच भोकातून गळत असेल तर दुसरं अजून बंद असेल, किंवा गाडी एका बाजूला कललेली असेल. गाडी सपाट जागी उभी करून पुन्हा पाहा.

दारं चारही तपासा, आणि डिक्कीचं झाकणही. गंजरोधक मेण फवारायचं असेल तर आधी दार आतून पूर्ण वाळू द्या आणि फवारून झाल्यावर भोकांत टाय पुन्हा घाला, कारण मेण थिजून तीच भोकं बुजवतं. भोकं मोकळी असूनही कार्पेट भिजत असेल तर पॅड काढून पडद्याची चिकटवलेली कड पाहा. आणि पाणी पुढच्या सीटच्या पायाशी साचत असेल तर वायपरखालची जाळी आणि तिथून पाणी वाहून नेणारी वाट तपासा.