घाटातल्या पावसात गाडी मागून घसरली तर काय करावं

भर जुलैत कुंभार्ली किंवा आंबोली घाट उतरताना वळणात शिरल्यावर लक्षात येतं की वेग जरा जास्तच झालाय. पाय आपसूक ब्रेकवर जातो आणि बहुतेकदा गाडी मागून सुटते ती त्याच क्षणी. ब्रेक दाबला, किंवा ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, की गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो. मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावरची त्यांची पकड सुटते. बोलेरो, ईको, इनोव्हा क्रिस्टा अशा गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते. तिथे वळण संपायच्या आत ॲक्सिलरेटर जोरात दिला तरी हेच होतं.

हे डोळ्यांआधी कमरेला कळतं. सीट बाजूला सरकल्यासारखी वाटते आणि आपण वळवलं त्याहून जास्त गाडीचं नाक आत वळतं. (स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जात असेल तर पुढची चाकं घसरली आहेत. त्याचा उपाय वेगळा.)

सगळ्यात आधी ब्रेकवरचा पाय काढा. हँडब्रेकला तर हातच लावू नका, कारण तो नेमकी मागचीच चाकं अडवतो.

मग नजर. दरीकडे किंवा कठड्याकडे बघत राहिलात तर हातही तिकडेच वळतात. जिथे जायचंय त्या रस्त्याच्या तुकड्याकडे बघा.

आता स्टिअरिंग. मागची बाजू उजवीकडे गेली तर उजवीकडे, डावीकडे गेली तर डावीकडे वळवा. झटकन, पण गरजेपुरतंच. इथपर्यंत बऱ्याच जणांना जमतं; चुकतं ते पुढे. मागची चाकं पुन्हा रस्ता धरू लागली की स्टिअरिंग लगेच सरळ करत आणायचं असतं. उशीर झाला तर गाडी उलट दिशेला फेकली जाते, आणि हा दुसरा झटका पहिल्यापेक्षा वाईट असतो.

पायाचं काम गाडीवर ठरतं. मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी असेल आणि जास्त रेस दिल्यामुळे घसरली असेल, तर रेस हळूहळू कमी करा. स्विफ्ट, आय-ट्वेंटीसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ॲक्सिलरेटर अगदी हलका, स्थिर ठेवा. काहीच सुचेनासं झालं तर क्लच दाबा आणि लक्ष स्टिअरिंगवर ठेवा. गाडी गरगर फिरायलाच लागली, तर मात्र क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरा. तेव्हा ती थांबवणं एवढंच हातात असतं.

गाडीत ईएसपी, म्हणजे घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, असेल तर ती एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून गाडी बरीचशी सावरते. ते बंद करायचं बटण घाटात दाबू नका. पण गोटा झालेल्या टायरला पकड कुठलंही यंत्र देऊ शकत नाही.

म्हणून माझ्या मते खरी तयारी टायरच्या दुकानात होते. दोनच नवे टायर घेतले की दुकानदार बहुधा ते पुढे बसवतो. त्याला मागे बसवायला सांगा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची पकड कमी पडली तर वेग उतरल्यावर गाडी बरीचशी ताब्यात येते. मागची सुटली तर सामान्य चालकाच्या हातात फारसं काही राहत नाही. खाचांची खोली 1.6 मिलिमीटर उरली की टायर कायद्यानेच बाद होतो; पावसासाठी मी 3 मिलिमीटरलाच बदलेन. हवा दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेली असते तेवढीच भरा.

वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच उतरवा. वळण 40 ऐवजी 60 च्या वेगाने घेतलं तर टायरवर बाजूने येणारा जोर सव्वादोन पट होतो. गिअरही तिथेच बदला आणि क्लच हळू सोडा. झटक्यात सोडला तर मागच्या चाकांच्या गाडीत तीच चाकं अडतात. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे लोक इंजिनाचा ब्रेक, म्हणजे गिअरमध्ये असताना इंजिन वेगाला घालतं तो आवर, हातचा घालवतात. पहिल्या सरीनंतर, तेल-धुळीचा राप धुऊन जाईपर्यंत, आणि शेवाळलेल्या सावलीच्या वळणांवर आणखी हळू.

गाडी सावरली की लगेच वेग वाढवू नका. पुढे रुंद जागा मिळाली की बाजूला थांबून चारही टायर बघा. रस्त्यावर डिझेल सांडलेलं दिसलं असेल तर 112 वर कळवा.