घरात पहिलं झाड आणताय? आधी खिडकी बघा

नर्सरीत पानं बघून झाड आवडतं, आणि ते कुठे ठेवायचं हा विचार घरी आल्यावर सुरू होतो. हा क्रम उलटा करा, असं मी आग्रहाने सांगेन. झाडाला पाणी किती लागेल, माती कशी हवी, कुंडी कोणती घ्यावी, हे सगळं त्याला मिळणाऱ्या उजेडावर अवलंबून असतं. उजेड कमी असेल तर झाड पाणी कमी ओढतं, माती ओली राहते आणि मुळं कुजतात.

१. उजेड तपासा

जिथे झाड ठेवायचं आहे तिथे दुपारी बाराच्या सुमारास एक पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या फूटभर वर हात धरा. सावलीच्या कडा ठळक दिसल्या तर उजेड भरपूर आहे. सावली पुसट असली तरी बोटं ओळखू येत असतील तर मध्यम. सावलीच पडत नसेल, तर तिथे मनी प्लांटसुद्धा नुसता तग धरेल, वाढणार नाही. अंदाजावर जाऊ नका. आपले डोळे अंधुक खोलीला पटकन सरावतात, त्यामुळे खिडकीपासून सहा-सात फुटांवरचा कोपरा आपल्याला उजळ वाटतो. झाडाच्या दृष्टीने तिथे खिडकीजवळच्या उजेडाचा लहानसा हिस्साच पोचलेला असतो.

नवख्यांसाठी पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली, सकाळचं कोवळं ऊन पानांना सोसतं. पश्चिमेच्या उन्हाने एप्रिल-मेमध्ये पानं करपतात, तिथे पातळ पडदा लावा. दक्षिणेच्या खिडकीबाबत परदेशी व्हिडिओ आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. युरोपात दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेला असतो. मुंबई-पुण्यात मात्र साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो माथ्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळपास येत नाही. डिसेंबरात तेच ऊन तिरपं होऊन खोलीत बरंच आत येतं. म्हणून तिथली कुंडी ऋतूप्रमाणे मागे-पुढे करावी लागते.

२. त्या उजेडाला साजेसं झाड घ्या

मध्यम उजेडात मनी प्लांट, सिंगोनियम, अॅग्लोनिमा छान होतात. त्याहून कमी असेल तर स्नेक प्लांट किंवा झीझी. झीझीच्या मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात, त्यांत पाणी साठलेलं असतं, म्हणून ज्यांना वारंवार गावाला जावं लागतं त्यांनी ते घ्यावं. पीस लिली शिकण्यासाठी उत्तम. तहान लागली की तिची पानं खाली लोळतात आणि पाणी दिल्यावर काही तासांत उभी राहतात.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मनी प्लांट, सिंगोनियम, पीस लिली, झीझी आणि डिफनबाकिया हाताला येणार नाहीत असे ठेवा. यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि पान चावलं की तोंडाची आग होते. स्पायडर प्लांटचा असा त्रास नाही.

हवा शुद्ध होते म्हणून झाड घेऊ नका. तो समज नासाच्या १९८९ सालच्या अभ्यासावरून पसरला, आणि तो बंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा आढावा घेतला गेला. खिडक्या उघडल्याने घराची हवा जितकी स्वच्छ होते तितकी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असा त्यात हिशेब निघाला. डोळ्यांना बरं वाटतं, एवढं कारण झाड आणायला पुरेसं आहे.

विकत घेताना पान उलटून बघा. देठाच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. ते झाड घेऊ नका.

३. सामान

कुंडी, बशी, लहान खुरपं, धारदार कात्री, लांब चोचीची झारी. सुरुवातीला एवढं पुरतं. कुंडीच्या तळाला भोक हवंच, आणि आकार आधीच्यापेक्षा एक-दोन इंचच मोठा. झाड वाढेल म्हणून मोठी कुंडी घेतली तर मुळं नसलेली माती ओलीच राहते. पाणी जरा जास्तच घालायची सवय असेल तर मातीची कुंडी घ्या, ती बाजूंनीही सुकते.

तळाशी खड्यांचा थर घालायची जुनी पद्धत सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खड्यांच्या थरात सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडतं आणि ओला भाग मुळांच्या आणखी जवळ येतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी ठेवली की झालं.

४. माती

दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा धुतलेली जाड वाळू, वर मूठभर नीमपेंड. कोकोपीटची वीट भिजवून फुगू द्या आणि त्यातलं तपकिरी पाणी एकदा-दोनदा काढून टाका, क्षार निघून जातात. ओलसर मिश्रण मुठीत दाबा. मूठ उघडून बोटाने टोचल्यावर लाडू फुटला तर माती जमली. नाही फुटला तर वाळू वाढवा. स्नेक प्लांट आणि झीझीसाठी वाळू थोडी जास्तच घाला. शेतातली काळी माती घरातल्या कुंडीत नको, ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते.

५. कुंडी बदलणं

आणल्या दिवशीच झाड हलवू नका. नर्सरीत ते हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं, घरच्या हवेला सरावायला त्याला दोनेक आठवडे द्या. नंतर काळी पिशवी कापली की बऱ्याचदा आत चिकणमातीचा विटेसारखा घट्ट गोळा निघतो. तो तसाच लावला तर पाणी बाजूने निघून जातं आणि आतलं मूळ कोरडंच राहतं. गोळा बादलीभर पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, मग बोटांनी कडेची माती हलकेच सोडवा. मुळं ताणू नका.

६. पाणी

वार ठरवून पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत घाला आणि कोरडं लागलं तरच द्या. द्याल तेव्हा तळातून पाणी येईपर्यंत द्या, आणि अर्ध्या तासाने बशी रिकामी करा. स्नेक प्लांट आणि झीझीची माती पूर्ण सुकू द्यावी. पान मलूल दिसलं की लगेच झारी उचलू नका, कारण कुजलेल्या मुळांचं झाडही असंच मान टाकतं. माती ओली असताना पानं लोळत असतील तर पाणी थांबवा आणि मुळं बघा. काळी, मऊ, वास येणारी मुळं कापून टाका आणि झाड कोरड्या मातीत लावा.

पावसाळ्यात हवा दमट असते, माती सुकायला दुप्पट वेळही लागतो. बशीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतात आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. नागपूरकडच्या मे महिन्यात उलट, रोज बोट घालून बघावं लागेल.

७. खत आणि कीड

नवीन मातीत दोन महिने खत लागत नाही. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत पुरतं, थंडीत तेही नको. चहाचा चोथा घालायचा असेल तर साखर-दूध निघून जाईपर्यंत धुवा आणि वाळवा, नाहीतर मुंग्या आणि बुरशी येते. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसून काढा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा एकदा फवारा, कारण पहिल्या वेळी अंडी मरत नाहीत.